मेमसाहेब उन्हाळ्यात येत नाहीत

भुताखेतांवर आमचा विश्वास नाही. 'आमचा' म्हणजे आम्हां नवराबायकोचा. लग्न नोंदणी पद्धतीने केले, घराची वास्तुशांत केली नाही, अमावस्या पाहून प्रवास पुढे ढकलला नाही, आणि तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ एकदा घरी आणून त्याची चटणीही खाल्ली. हे शौर्य म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते कोणत्या घरातून सांगितले जात आहे, एवढे वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो.

अशा या आम्हांला भटकंतीत दोन अनुभव असे आले, की जे भुताच्या गोष्टीत जसेच्या तसे बसावेत. त्यांतल्या एकाचे कारण सापडले; दुसऱ्याचे सापडले नाही. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत जेवणे झाली आणि वीज गेली, की आमच्याकडे वळून 'तुमचा तो किस्सा सांगा ना' अशी फर्माईश होते. किस्सा सांगून झाला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'बघा, तुमच्यासारख्या नास्तिकांनाही शेवटी आलाच ना अनुभव!' दुसरा तट, म्हणजे आमचाच मित्रपरिवार, किंचित ओशाळून म्हणतो, 'भास असेल रे. दमला असाल प्रवासाने.' पहिल्यांना आम्ही साक्षीदार म्हणून हवे असतो. दुसऱ्यांना आम्ही पुन्हा शुद्ध करून घ्यायला हवे असतो. आमचे नेमके म्हणणे काय, हे विचारण्याइतकी उसंत दोघांनाही नसते. हा लेख त्या दोन्ही तटांविरुद्ध आहे. दुसऱ्या तटाविरुद्ध जरा अधिकच आहे, कारण तो आमचा आहे.

पहिला अनुभव हिमाचल प्रदेशातला. जानेवारी महिना, देवदारांच्या उतारावरचे एक जुने विश्रामगृह, इंग्रजांच्या काळातले. लाकडी जमीन, उंच छत, आणि थंडी अशी की रजईच्या आतही हात काखेत घालून झोपावे. चौकीदार मोठा मायाळू माणूस. आम्ही कुडकुडतो आहोत हे पाहून त्याने कोळशाची अंगीठी पेटवून खोलीत आणून ठेवली, खिडक्यांच्या फटींत जुनी वर्तमानपत्रे कोंबली आणि 'अब आराम से सो जाइए' म्हणून तो गेला.

रात्री दोनच्या सुमारास आमच्यापैकी जो तो जागा झाला, तो हलू शकेना. पायथ्याशी कुणीतरी उभे आहे आणि छातीवर वजन ठेवले आहे, असे त्याला स्पष्ट जाणवत होते. कष्टाने त्याने बायकोला हाक मारली. तीही अर्धवट जागीच होती. लाकडी जमिनीवर कुणीतरी सावकाश चालत असल्याचा आवाज ती केव्हापासून ऐकत होती, पण बोलली नव्हती. आता नवरा घाबरला आहे हे पाहून तिने ठामपणे सांगितले, 'भास आहे. झोप.' आमच्या दोघांत ती अधिक कडक विवेकवादी. तो पुन्हा डोळे मिटून पडला.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. 'भास आहे, झोप' हा सल्ला त्या खोलीतला सर्वांत धोकादायक उच्चार होता. आम्ही तो पाळला असता तर हा लेख लिहायला उरलो नसतो. तो पाळला गेला नाही तो तत्त्वज्ञानामुळे नव्हे. तिला मळमळू लागले, न्हाणीघराकडे जायला ती उठली आणि दोन पावलांवर कोसळली. डोके घणाने ठोकावे तसे ठणकत होते. त्याने कसेबसे उठून, हवा हवी एवढ्याच जनावरी समजुतीने, खिडकीतले कागद उपसून ती उघडली, मग दारही उघडले. आम्ही ओसरीवर बर्फाळ वाऱ्यात गोधड्या गुंडाळून तासभर बसलो. छातीवरचे वजन उतरले. चालणारा पाहुणा निघून गेला. पहाटे अंगीठीकडे पाहिले तेव्हा आम्हां दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला, आणि मग जी भीती वाटली ती रात्रीच्या भीतीहून कितीतरी मोठी होती.

बंद खोलीत कोळसा अपुरा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट चिवटपणे धरतो. मेंदूला प्राणवायू कमी पडू लागला की डोके ठणकते, छाती जड होते, हातपाय हलत नाहीत, नसलेले दिसते आणि नसलेले ऐकू येते. हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्ररोगविषयक नियतकालिकात विल्यम विल्मर या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत छापली होती. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यावर त्या कुटुंबाला पावलांचे आवाज येऊ लागले, माणसे दिसू लागली, मुले निस्तेज झाली, घरातली झाडेसुद्धा मान टाकू लागली. घर पछाडलेले ठरण्याच्या बेतात होते. तपासाअंती तळघरातली भट्टी सदोष निघाली. तिचा धूर धुराड्याऐवजी घरात येत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुते गेली.

सकाळी चहा घेऊन आलेल्या चौकीदाराला आम्ही रात्रीचे सांगितले. त्याला नवल वाटले नाही. 'मेमसाहेब होंगी,' तो म्हणाला. पूर्वी कधीतरी एक गोरी बाई त्याच खोलीत झोपेत वारली. ती येते, पलंगाजवळ उभी राहते, छातीवर हात ठेवते. अनेक पाहुण्यांनी पाहिली आहे. आम्ही विचारले, 'कोणत्या दिवसांत?' तो म्हणाला, थंडीत. 'उन्हाळ्यात येत नाहीत?' त्याने जरा आठवून पाहिले. 'नहीं साब, गर्मी में तो कभी नहीं आतीं.'

मेमसाहेब उन्हाळ्यात येत नाहीत, कारण उन्हाळ्यात खोलीत अंगीठी नसते. एवढी साधी जुळणी करायला त्या मायाळू माणसाला अनेक हिवाळे मिळाले होते. त्याने ती केली नाही, याचे कारण तो अडाणी होता असे नाही. त्याच्यापाशी उत्तर आधीच तयार होते, म्हणून त्याने ती केली नाही. उत्तर हाताशी असले की प्रश्नाकडे कोण पाहतो? मेमसाहेबांची गोष्ट त्या विश्रामगृहात धोक्याच्या पाटीसारखी टांगलेली होती. फक्त तिच्यावरचा मजकूर चुकीचा होता. 'कुणीतरी' झोपेत वारले, 'अनेकांच्या' छातीवर भार आला, 'थंडीतच' आला: सगळा पुरावा गोष्टीत शाबूत होता. आम्ही त्याला खिडकीची फट का मोकळी ठेवायची ते समजावले. त्याने ऐकून घेतले. त्याच्या मुद्रेवरून असे वाटले, की मेमसाहेबांना खिडकी उघडी लागते, अशी भर गोष्टीत पडली असावी. पडू दे. निदान पाहुणे तरी वाचतील.

आता भुताच्या 'खऱ्या' गोष्टींविषयी. कल्पित गोष्टींशी आमचे काहीच भांडण नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके आमच्या कपाटात मानाने उभी आहेत. ती वाचताना लेखक आणि वाचक यांच्यात करार असतो. भांडण आहे ते 'सत्य घटना' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींशी. या गोष्टींची एक युक्ती आहे, आणि ती किपलिंगने फार पूर्वी उघड करून ठेवली आहे. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कथेत निवेदक जुन्या डाकबंगल्यात उतरतो. रात्रभर त्याला शेजारच्या खोलीत बिलियर्ड खेळल्याचे आवाज येतात. सकाळी कळते की रेल्वेच्या साहेबांसाठी तिथे खरोखरच एकदा बिलियर्डची खोली होती. गोष्ट तयार! पण तेवढ्यात एक उंदीर आणि वाऱ्याने आपटणारी खिडकीची सैल चौकट यांचा शोध लागतो, आणि निवेदक हळहळतो, की मी चौकशी योग्य वेळी थांबवली असती तर माझ्याजवळ एक अस्सल भुताची गोष्ट उरली असती.

भुताची 'खरी' गोष्ट म्हणजे योग्य वेळी थांबवलेली चौकशी. ही व्याख्या लावून पाहावी, बहुतेक प्रसिद्ध जागा तिच्यात बसतात. राजस्थानात भानगडला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो, की पुरातत्त्व खात्यानेच पाटी लावली आहे, सूर्यास्तानंतर आत जाण्यास मनाई! म्हणजे सरकारही मानते! आम्ही ती पाटी पाहिली. तिच्यावर सूर्यास्त आणि सूर्योदय आहेत, भूत नाही. खात्याची संरक्षित स्मारके साधारणतः सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडी असतात. हाच नियम इतर स्मारकांवर लिहिलेला असतो तेव्हा तो नियम असतो. भानगडवर लिहिला की कबुलीजबाब होतो.

शनिवारवाड्याचे तर आम्हां मराठी माणसांना सांगायलाच नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, आणि अजून काही रात्री 'काका, मला वाचवा' अशी आरोळी ऐकू येते म्हणतात. आरोळी ऐकायला उत्साही मंडळी जातात. पण त्या खुनाची खरी थरारक बाब वेगळीच आहे. सत्ता ज्याच्या हाती आली, त्याच रघुनाथरावांविरुद्ध रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि त्यांना दोषी ठरवले. आरोळीची गोष्ट दर पिढीत नवी होते. चौकशीची गोष्ट शालेय पुस्तकाच्या एका परिच्छेदात मावते. भूत आणि चौकशी यांत आमचा समाज कुणाला पसंत करतो, हे यावरून कळावे.

इथपर्यंत आमचे विवेकवादी मित्र टाळ्या वाजवत असतील. आता त्यांच्याकडे वळू.

मित्रहो, 'भास' हा शब्दसुद्धा योग्य वेळी थांबवलेली चौकशीच आहे. 'योगायोग', 'मनाचे खेळ', 'प्रवासाचा शीण' हेही तसेच. हे शब्द कारण सांगत नाहीत. कारण सांगितल्याचे समाधान तेवढे देतात. भुताचे नाव घेणारा आणि भासाचे नाव घेणारा, दोघेही पुन्हा झोपी जायला उत्सुक असतात, आणि खोलीत अंगीठी धुमसतच असते. त्या रात्री आमचा जीव वाचला तो आमच्या मतांमुळे नाही. अनुभव खरा होता, त्याला कारण होते, आणि ते खोलीतच होते. अनुभव खोटा ठरवून ते सापडले नसते, आणि अनुभवाचा अर्थ तसाच्या तसा मानूनही सापडले नसते. अनुभव मान्य करायचा आणि अर्थ तपासायचा, या दोन कामांतले पहिले भाविक करतात, दुसरे आपण करतो म्हणतो, आणि दोन्ही करणारा क्वचितच भेटतो.

असा एक जण म्हणजे इंग्लंडमधला अभियंता विक टँडी. रात्री प्रयोगशाळेत एकटा काम करताना त्याला अस्वस्थ वाटू लागले, घाम फुटला, डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृती दिसली; वळून पाहिले तर नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीची आपली तलवार दुरुस्तीसाठी शिकंजात धरली, तर तिचे पाते आपोआप थरथरू लागले. पळून जाण्याऐवजी तो ते पाते कुठे जास्त आणि कुठे कमी थरथरते हे पाहत खोलीभर फिरला. नव्या बसवलेल्या हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी खोलीत कोंडला जात होता. तो थांबवल्यावर पाहुणा गेला. १९९८ मध्ये त्याने हे छापले, आणि छापले कुठे, तर अतींद्रिय गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकात. मात्र हेही सांगायला हवे, की टँडीचा पंखा आता प्रत्येक वाड्यात बसवला जातो. कुणी काही ऐकले-पाहिले की आमचा एखादा मित्र न तपासता 'इन्फ्रासाउंड' म्हणतो. मेमसाहेब म्हणणाऱ्या चौकीदारात आणि त्याच्यात आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

आता दुसरा अनुभव, ज्याचे कारण सापडलेले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे एक गाव, नोव्हेंबर महिना. पाऊस संपून बरेच दिवस झालेले. एका घरात पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, त्यांपैकी एकीत आम्ही चार रात्री राहिलो. मागच्या अंगणात विहीर आणि तिच्यावर जुना लाकडी रहाट. घरात पंप आला असल्याने रहाट फारसा वापरात नव्हता, पण बादली आणि दोर जागेवर होते.

दुसऱ्या रात्री तीनच्या पुढे आम्ही दोघेही रहाटाच्या करकरण्याने जागे झालो. बादली आपटल्याचा, दोर ओढल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज, पुन्हा करकर. कुणी लवकर उठून पाणी काढत असेल म्हणून पडून राहिलो. सकाळी सहज विचारले, तर कुणीच उठले नव्हते. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. या वेळी आम्ही ठरवल्याप्रमाणे एकमेकांशी अवाक्षर न बोलता आपापल्या वहीत वेळ आणि बादल्यांची संख्या लिहिली, कारण दोघे बोलू लागले की दोघांचे एकच ऐकणे तयार होते, हे आम्हांला ठाऊक होते. एकीच्या वहीत तीन वाजून दहा मिनिटे, अकरा बादल्या. दुसऱ्याच्या वहीत तीन वाजून दहा, बारा. आवाज चालू असतानाच विजेरी घेऊन मागचे दार उघडले. दार उघडताच आवाज थांबला. अंगणात कुणी नाही. विहिरीचा काठ कोरडा, दोर कोरडा, बादली उपडी आणि कोरडी.

कारणे आम्ही शोधली. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि परक्या आवाजाने लवकर जागा होतो, असे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले आहे. त्याने आम्ही जागे का झालो हे कदाचित समजेल, पण ती आमची पहिली रात्र नव्हती. आणि ऐकले काय, हे तर समजतच नाही. रात्री पाण्यावरची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असली की आवाज खाली वळतो आणि दूरवर ऐकू येतो. तेव्हा खाडीपलीकडच्या एखाद्या घरचा रहाट, किंवा होडीच्या वल्ह्याची करकर? आम्ही पलीकडे जाऊन आलो. समोरच्या वाडीत रहाट नव्हता. होड्या होत्या, पण त्या वेळी कुणी गेल्याचे कुणाला माहीत नव्हते. कौलांवर उदमांजर? ते रहाटासारखे वाजत नाही. चौथ्या रात्री मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून जागत बसलो. रातकिडे आणि दूरची गाज. दुसरे काही नाही.

म्हणून वहीत 'कारण' या शब्दापुढे आम्ही आडवी रेघ मारली. ती रेघ अजून तशीच आहे. ती पुसून तिथे 'भूत' लिहायला आमच्याजवळ काहीच नाही, आणि 'भास' लिहायलाही नाही. दोन वह्यांत एकाच मिनिटाला नोंदलेल्या आवाजाला भास म्हणायचे असेल, तर तो भास दोघांना एकदम कसा झाला हे सांगायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. आमचे मित्र ती घेत नाहीत. त्यांना ती रेघ मात्र सहन होत नाही. जणू एक आडवी रेघ मोकळी सोडली, तर तिच्यातून सगळे वेताळ, मुंजे आणि समंध आत शिरतील.

ही अडचण आमचीच आहे असेही नाही. मायकेल शर्मर हे अमेरिकेतल्या संशयवादी चळवळीतले मोठे नाव. २०१४ मध्ये त्यांच्या लग्नाच्या दिवशी, त्यांच्या जर्मन पत्नीला आपल्या दिवंगत आजोबांची फार आठवण येत असताना, घराच्या आतल्या बाजूच्या खोलीतून गाणे ऐकू येऊ लागले. टेबलाच्या खणात ठेवलेला आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर वाजत होता. तो जर्मनीहून आला होता, शर्मर यांनी खटपट करूनही तो आधी सुरू झाला नव्हता, आणि नंतर पुन्हा कधी वाजला नाही. शर्मर यांनी हे आपल्या सदरात प्रांजळपणे लिहिले: मी हादरलो, खुलासा माझ्याजवळ नाही. तेवढ्यावरून भाविकांनी त्यांना आपल्या मांडवात ओढले, आणि काही संशयवाद्यांनी हा मवाळपणा का म्हणून त्यांचे कान उपटले. आमचे मत असे, की ते सदर लिहिले तेव्हा शर्मर पूर्वीइतकेच संशयवादी होते. संशय दुसऱ्यांच्या अनुभवांवर घ्यायला धैर्य लागत नाही. 'मला माहीत नाही' हे आपल्या सहीने छापायला लागते.

पण रेघ मोकळी ठेवण्याचे आमचे खरे कारण याहून वेगळे आहे. ते त्या घरातच कळले.

चौथ्या रात्रीनंतर निघताना घरातल्या आजींना आम्ही आवाजाचे सांगितले. त्या वाळत घातलेल्या सुपाऱ्या उलटीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'ती धाकटी. घाबरू नको गो, ती कुणाला काही करत नाही. पाणी भरते नि जाते.'

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. फार वर्षांपूर्वी याच विहिरीत गेली. कशी गेली? 'पाय घसरला.' केव्हा? 'पहाटेची.' एवढ्या पहाटे ती पाणी का काढत होती? आजींचा हात सुपारीवर थांबला. मग, 'तेव्हा सगळ्याच काढत,' एवढे बोलून त्या आत गेल्या. पुढचा प्रश्न विचारायला आम्ही पाहुणे होतो, आणि एस.टी.ची वेळ झाली होती.

आता आम्हांला सांगा, या गोष्टीत भयंकर काय आहे? रात्री रहाट वाजतो, हे? एक बाई पहाटे तीनला उठून अख्ख्या घराचे पाणी काढते, विहिरीत जाते, 'पाय घसरला' या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो, आणि मेल्यावरही घर तिला सुट्टी देत नाही. ती अजून पाणीच भरते आहे, आणि 'कुणाला काही करत नाही' म्हणून तिचे कौतुक होते. जिवंतपणी सुनेकडून हेच तर हवे असते, की पाणी भरावे आणि कुणाला काही करू नये. आमच्या समाजाने आपल्या भुतांची जी यादी केली आहे ती जरा निरखून पाहा. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर मुंजा होतो. ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले, त्यांना आम्ही आधी वाचवले नाही, मग त्यांना भ्यायलो. बाळंतीण का मेली, सुईण कुठे होती, दवाखाना किती कोसांवर होता, हे विचारण्यापेक्षा पिंपळाखालून रात्री जाऊ नये, हा नियम पाळणे सोपे.

म्हणून आमची भाविकांना विनंती आहे: तो आवाज धाकटीचा होता असे आमच्या तोंडून वदवून घेऊ नका. आम्हांला तो कुणाचा होता ते माहीत नाही. तिला आमच्या किश्श्यात रहाटावर उभी करून तुमच्या जेवणानंतरच्या गप्पा रंगवण्याचा अधिकार आम्हांला नाही, तुम्हांलाही नाही. आणि आमच्या मित्रांना विनंती आहे: 'तिथे कुणी नव्हतेच' असे इतक्या घाईने म्हणू नका. त्या रात्री कदाचित नसेल. पण एके काळी तिथे कुणीतरी होते. भुताची गोष्ट खोडून काढताना तुम्ही तिचाही कागद फाडता, कारण त्या घरात तिच्या मरणाची एवढीच नोंद उरली आहे. तिला कुणी रामशास्त्री भेटला नाही.

या बाबतीत आपला कायदा आपल्या चर्चांपेक्षा शहाणा आहे, असे आम्हांला वाटते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षे अडवून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांतच वटहुकमाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षी विधिमंडळात संमत झाला. तो भूत आहे की नाही, या वादात पडत नाही. मनात विश्वास ठेवणाऱ्याला तो शिक्षा करीत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला बांधले, मारले, मिरचीची धुरी दिली, तर मात्र तो हात धरतो. भुताच्या नावाने जिवंत माणसाचे तुम्ही काय केलेत, एवढेच तो विचारतो. त्याच्या जोडीला आम्हांला आणखी एक प्रश्न हवा आहे, आणि त्यासाठी कायदा लागत नाही: भुताच्या नावाखाली मेलेल्या माणसाचे तुम्ही काय झाकलेत?

तेव्हा यापुढे कुणी आम्हांला किस्सा सांगायला लावला, तर आम्ही दोन्ही एकत्रच सांगणार आहोत, आणि सांगून झाल्यावर ऐकणाऱ्यांना त्यांच्या गावच्या भुतांची नावे विचारणार आहोत. नावच, जात किंवा प्रकार नव्हे. मुंजा कुणाचा मुलगा होता, हडळ कुणाची बायको, ती कोणत्या साली गेली, कशाने. दोन-चार ठिकाणी विचारून पाहिले आहे. बैठकीचा रंग जातो खरा. पण एकदा एका वयस्कर गृहस्थांनी बराच वेळ गप्प राहून एक नाव सांगितले, आणि ते त्यांच्या आत्याचे होते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. थंडीत डोंगरात जाणार असाल तर पेटती शेगडी खोलीत घेऊन झोपू नका, आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर झरोका मोकळा आहे ना ते पाहा. रात्री कुणी पायथ्याशी उभे आहे असे वाटले तर ते भूत की भास, हा वाद सकाळवर टाका. आधी उठून खिडकी उघडा.